ग्रे नदीच्या काठचे सोने आणि कोळसा

पडद्यावर दिसणारी ही नदी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील आल्प्स पर्वतरांगांच्या बाजूने वाहत येते आणि पश्चिम किनाऱ्यावर समुद्राला मिळते. इंग्रजी नकाशांवर तिचे नाव ग्रे असे आहे, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिच्या काठी राहणारे पोउतिनी न्गाई ताहू हे माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांपैकी, लोक तिला माफेरानुई म्हणत आले आहेत. या किनाऱ्यावर त्यांना मोलाचा वाटे तो पोउनामू हा हिरवा कठीण दगड. अराहुरा नदीच्या पात्रातून तो काढून डोंगर ओलांडून दूरवर नेला जात असे. सोन्याला आणि कोळशाला त्यांच्या व्यवहारात असे स्थान नव्हते.

१८४६च्या अखेरीस थॉमस ब्रनर हे भूमापक बेटाच्या उत्तर टोकाकडील नेल्सन गावाहून दक्षिणेकडे निघाले. केहू आणि पिकेवाते हे दोन माओरी वाटाडे आणि त्यांच्या बायका सोबत होत्या, आणि त्यांच्याच आधारावर ब्रनर जगले, ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. सुमारे ५५० दिवसांच्या त्या प्रवासात, १८४८च्या आरंभी, नदीच्या मुखापासून दहा-बारा किलोमीटर आत त्यांना काठावर कोळशाचा थर उघडा पडलेला दिसला. पुढे सोळा वर्षे तो तसाच पडून राहिला. कोळसा ही वजनदार आणि स्वस्त वस्तू असल्यामुळे ती खणून काढण्यापेक्षा गिऱ्हाइकापर्यंत नेणे अधिक अवघड असते. इथे तर ना रस्ता होता, ना गाव, आणि नदीच्या मुखाशी वाळूचा असा दांडा होता की त्यावर आपटून जहाज फुटण्याचे भय कायम असे.

२१ मे १८६० रोजी ब्रिटिश राजसत्तेच्या वतीने जेम्स मॅके यांनी पोउतिनी न्गाई ताहूंच्या प्रमुखांशी करार केला. त्या करारान्वये जवळजवळ सारा पश्चिम किनारा, म्हणजे सुमारे ७० लाख एकर जमीन, ३०० पौंडांना विकत घेतली गेली. ज्या भूमीतून पुढे लाखो औंस सोने निघाले, तिची ही किंमत होती. माओरींसाठी काही जमिनी राखून ठेवल्या गेल्या. त्यांतलीच एक नदीच्या मुखाशी होती, आणि ग्रेमाउथ हे शहर तिच्यावर वसले, भाडेपट्ट्याने.

१८६४ साली होहोनू भागातील ग्रीनस्टोन ओढ्यात सोने सापडले आणि सारे चित्र पालटले. कोळशाच्या अगदी उलट, सोने माणूस कमरेच्या पट्ट्यात बांधून नेऊ शकतो. त्यासाठी आधी रस्ता लागत नाही, रस्ता मागाहून येतो. याच बेटाच्या दक्षिण भागातील ओटागोमधल्या जुन्या सोनखाणींतून आणि ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियातून माणसे जहाजे भरभरून आली. होकिटिका नदीच्या मुखाशी १८६४च्या अखेरीपर्यंत ओसाड असलेल्या वाळूवर दोन वर्षांत एक शहर उभे राहिले. तिथल्या धक्क्याला जहाजे एकाला एक लागून तीन-तीन, चार-चार रांगांत उभी राहत, आणि गावात शंभराच्या आसपास दारूगुत्ते आणि उतारगृहे होती. या किनाऱ्यावर वर्षाला सुमारे २,८०० मिलिमीटर पाऊस पडतो. सोने खणायला आलेल्या माणसाचे बिछाने, पीठ आणि बूट कधी पुरते कोरडे होत नसत, आणि फुगलेल्या नद्या ओलांडताना बुडून मेलेल्यांची संख्या इतकी मोठी होती की न्यूझीलंडमध्ये त्या काळी बुडण्याला या देशाचे मरण म्हटले जाई.

सुरुवातीचे काम साधे होते. पर्वतातून झिजून आलेले सोन्याचे कण नद्यांच्या गाळात आणि समुद्रकाठच्या काळ्या वाळूत साठलेले असत. ती वाळू लाकडी पन्हळीतून पाण्याबरोबर सोडली की हलकी माती वाहून जाई आणि जड सोने तळाच्या आडव्या पट्ट्यांमागे अडून राही. पण वरवरचे सोने काही वर्षांतच सरले. मग मैलोन्मैल पाट खणून पाणी आणावे लागले, त्याच्या झोताने टेकड्या फोडाव्या लागल्या, आणि या कामाला एकट्या माणसाचे फावडे पुरेनासे होऊन भांडवल लागू लागले. १८७० नंतर रीफ्टनच्या बाजूला गारगोटीच्या शिरांमधील सोने यंत्रांनी दगड कुटून काढले जाऊ लागले. तेथे १८८८ साली वीजकेंद्र उभारले गेले आणि रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. १८९०च्या दशकाच्या शेवटी नदीपात्र उपसणारी तरंगती यंत्रे आली. गाळात पुन्हा पुन्हा हात घालून जुने सोने वेचणाऱ्या चिनी कामगारांवर मात्र १८८१मध्ये प्रवेशासाठी १० पौंडांचा डोईकर बसवला गेला आणि १८९६मध्ये तो १०० पौंड झाला. त्या वेळी पंतप्रधान असलेले रिचर्ड सेडन हे कधीकाळी याच किनाऱ्यावरील कुमारा गावी दारूगुत्ता चालवत होते.

सोन्याने मागे ठेवलेले बंदर, दुकाने आणि वाफेच्या बोटी मात्र कोळशाच्या उपयोगी पडल्या. ब्रनर खाणीचे काम १८६४मध्ये, म्हणजे सोन्याच्या लाटेबरोबरच सुरू झाले होते, पण ते अनेक वर्षे रखडत चालले. याचे एक कारण कागदावरचे होते. नदी ही दोन प्रांतांची सीमा असल्याने उत्तर काठावरील खाण नेल्सन प्रांतात होती, आणि दक्षिण काठावरील ग्रेमाउथ बंदर आधी कँटरबरीत आणि पुढे वेस्टलंडमध्ये. खाण ज्याची त्याच्या हातात बंदर नाही, अशी ही अडचण होती. कोळसा होड्यांतून नदीने खाली न्यावा लागे आणि पुराच्या दिवसांत तेही थांबे. १८७६मध्ये रेल्वे आली आणि त्याच वर्षी प्रांतही रद्द झाले. १८८०च्या दशकात नदीच्या मुखाशी दगडी बांध घालून प्रवाह अरुंद केला गेला, म्हणजे पाण्याच्या जोराने दांड्याची वाळू आपोआप खरवडली जावी. ब्रनरचा कोळसा वायूनिर्मितीला आणि कोक, म्हणजे कोळसा भाजून मिळणारे कडक इंधन, करायला उत्तम होता. खाणीच्या तोंडाशी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घुमटाकार भट्ट्यांत कोक तयार होई, आणि तिथल्याच चिकणमातीपासून उष्णता सोसणाऱ्या विटा भाजल्या जात. त्या भट्ट्यांचे अवशेष आजही नदीकाठी पाहता येतात.

खाणखात्याचे वार्षिक अहवाल या सगळ्याला प्रगती म्हणत आणि ती औंसांत आणि टनांत मोजत. ते आकडे खोटे नाहीत. त्यांच्याशेजारी एक तारीखही ठेवली पाहिजे.

२६ मार्च १८९६ रोजी सकाळी ब्रनर खाणीत स्फोट झाला. आत असलेली सर्व ६५ माणसे मेली. खाणीत उतरणाऱ्या एकूण कामगारांपैकी ही जवळजवळ निम्मी. मदतीला उतरलेले लोक विषारी वायूने बेशुद्ध होऊन बाहेर येत आणि शुद्धीवर आल्यावर पुन्हा आत जात. स्टिलवॉटरच्या दफनभूमीत ३३ जणांना एकाच कबरीत ठेवले गेले. जिथे कोणी काम करायला नको होते अशा जागी सुरुंग उडवल्याने स्फोट झाला, असा निष्कर्ष अधिकृत चौकशीने काढला. म्हणजे दोष मेलेल्या माणसाकडे गेला. खाणीत साठलेल्या ज्वलनशील वायूकडे बोट दाखवणाऱ्या अनुभवी कामगारांना तो मान्य नव्हता, आणि आजही तो पटणे कठीण आहे.

१९०७च्या सप्टेंबरात न्यूझीलंड वसाहत न राहता डोमिनियन, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातला स्वतःचा कारभार चालवणारा देश, झाले. पाच महिन्यांनी, याच नदीच्या खोऱ्यातील ब्लॅकबॉल गावी, खाणीत डबा खाण्यासाठी मिळणारी १५ मिनिटांची सुट्टी ३० मिनिटे करावी म्हणून कामगार संपावर गेले. सात जणांना कामावरून काढले गेले होते. लवाद न्यायालयाने संघटनेला ७५ पौंड दंड केला आणि तो भरायला कामगारांनी नकार दिला. जप्त केलेल्या घरगुती वस्तूंचा लिलाव पुकारला गेला, तेव्हा गावात कोणीही चढी बोली लावली नाही. अकरा आठवड्यांनी त्या सात जणांना कामावर परत घेतले गेले, आणि डब्याची सुट्टी ३० मिनिटांची झाली.