ओल आहे तोवर श्वास

श्रोतेहो, नमस्कार.

पाठीवर शंख घेऊन चालणारा तो लहानसा खेकडा तुम्ही पाहिला असेल. हर्मिट क्रॅब. तारेचा छोटा पिंजरा, तळाला रंगीत खडे, कोपऱ्यात पाण्यात भिजवलेला स्पंज, अशा थाटात तो घरी येतो. काही आठवड्यांत सुस्तावतो, मग हलेनासा होतो. घरातले म्हणतात, याचं आयुष्यच एवढं. नाही हो! जमिनीवर राहणारे हे खेकडे निसर्गात ३० वर्षांहूनही जास्त जगू शकतात. पिंजऱ्यातला जातो तो म्हातारा होऊन नव्हे. बहुतेकदा तो गुदमरून जातो, आणि तेही इतकं हळूहळू की आपल्या लक्षातच येत नाही.

हा जमिनीवर राहत असला तरी श्वास घेतो कल्ल्यांनीच. ते कल्ले ओलसर असतील तरच हवेतला प्राणवायू आत जातो. म्हणून त्याच्या भोवतीची हवा सतत दमट लागते, आर्द्रता ७५ ते ८५ टक्के. ती ७० च्या खाली रेंगाळत राहिली की कल्ले सुकायला लागतात. तारेच्या पिंजऱ्यात ओल टिकणार कशी? म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगते, पिंजरा नको, काचेची टाकी घ्या आणि तिला काचेचंच झाकण करा. मासे ठेवून जुनी झालेली, कुठे थोडी पाझरणारी टाकी असेल तर तिचं इथे सोनं होतं. दोन-तीन लहान खेकड्यांसाठी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ४० उंच अशी टाकी धरून चाला. एकटा मात्र ठेवू नका. हे कळपानं राहणारे जीव आहेत, झोपतातसुद्धा एकमेकांवर रचून.

आता वाळू. सगळ्यात जास्त हेळसांड होते ती हिचीच. पाच भाग स्वच्छ बारीक वाळू आणि एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असं एकत्र करा आणि क्लोरीन काढलेल्या पाण्यानं भिजवा. किती भिजवायचं? मूठभर घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला पाहिजे आणि बोटांतून पाणी गळता कामा नये. मग त्या वाळूत बोट खुपसून बाहेर काढा. भोक ढासळलं नाही, तर खेकड्याचं बीळही ढासळणार नाही. थर निदान १५ सेंटिमीटरचा हवा, आणि तुमच्याकडच्या सर्वांत मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट हवा. यातलं जे जास्त असेल ते धरा. मघाशी सांगितलेल्या टाकीत एवढी ओली वाळू चाळीसएक किलो भरते. तेव्हा टाकी आधी भक्कम टेबलावर नीट बसवा आणि मगच भरा, नंतर ती हलत नाही.

एवढी खोली कशासाठी, ते मी फार वाईट तऱ्हेनं शिकले. माझ्या पहिल्या खेकड्यांपैकी एक वाळूत शिरला तो तीन आठवडे वर आलाच नाही. जीव राहवेना. मी चमच्यानं उकरून पाहिलं. आत पेरूएवढी पोकळी होती, तिच्यात तो कुशीवर पडलेला, पांढुरका, पाय मऊ पडलेले, आणि शेजारी त्याची रिकामी कात, नांग्यांसकट. मला वाटलं दोन खेकडे मेलेत. मेला कोणीच नव्हता. तो कात टाकत होता. मी त्याला बाहेर ठेवला आणि दोन दिवसांत तो खरंच गेला. आजही आठवलं की पोटात कालवतं.

कात टाकताना खेकड्याला अंधार लागतो, ओल लागते, एकांत लागतो. अंग पुन्हा कडक होईपर्यंत तो आतच राहतो आणि टाकलेली कात खाऊन टाकतो, कारण तिच्यातलं कॅल्शियम नव्या कवचाला हवं असतं. लहान खेकड्याला तीन-चार आठवडे पुरतात, मोठ्याला दोन-तीन महिनेही लागतात. ज्या टाकीत वाळू उथळ, तिथे तो वरच कात टाकतो आणि बाकीचे त्याला खातात.

उष्णता हवी २४ ते २९ अंश सेल्सिअस. हीटिंग पॅड लावावा लागला तर तो टाकीच्या मागच्या काचेला बाहेरून, वाळूच्या पातळीच्या वर लावा. तळाखाली कधीही नको. ऊन झालं की खेकडा गारव्यासाठी खाली जातो आणि खालीच तापलेलं असेल तर त्याला पळायला जागा उरत नाही.

पाण्याच्या वाट्या दोन. एक गोड्या पाण्याची, एक खाऱ्या, आणि दोन्हींतलं क्लोरीन काढलेलं. खाऱ्यासाठी जेवणातलं मीठ चालत नाही. समुद्री माशांच्या टाकीसाठीचं मीठ मिळतं ते आणा, लीटरला साधारण ३५ ग्रॅम. खेकडा आपल्या शंखात थोडं पाणी बाळगून असतो आणि दोन्ही वाट्यांत जाऊन त्याचा खारटपणा आपल्याला हवा तसा जुळवून घेतो. वाटी त्याला बुडता येईल इतकी खोल ठेवा, पण आत खडे रचून वर चढायला पायऱ्या करा.

शंखांत कंजुषी नको. प्रत्येक खेकड्यामागे तीन-चार रिकामे शंख, त्याच्या आताच्या शंखापेक्षा किंचित मोठे, आणि रंगवलेले अजिबात नकोत. रंगाचे पापुद्रे सुटतात आणि ते याच्या पोटात जातात. नवा शंख निवडताना त्याला एकदा पाहाच. आधी मिशा फिरवतो, मग नांगी आत घालून चाचपतो, शंख उलटसुलट करतो, वाळूचा कण न् कण बाहेर काढतो. आणि मग एका क्षणात ते मऊ, नागवं, वळणदार पोट जुन्यातून निघून नव्यात गेलेलंही असतं.

खाण्याचं फार अवघड नाही. फळं, भाज्या, साधे मासे, सुकी पानं आणि कॅल्शियमसाठी माकूळ माशाचं हाड. मसाला आणि टिकाऊपणासाठी रसायनं घातलेलं काही देऊ नका.

आर्द्रता दाखवणारा मापक टाकीत हवाच, पण त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार थेंब पाण्यानं ते दमट करा आणि मापकासोबत एका घट्ट बंद पिशवीत ७-८ तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७० आला तर तुमचा मापक ५ नं कमी दाखवतो.

या जीवांची पैदास घरात सहसा होत नाही, कारण त्यांची पिल्लं समुद्राच्या पाण्यातच मोठी होतात. म्हणजे तुमच्याकडचा खेकडा कुठल्या तरी किनाऱ्यावरून उचलून आणलेला आहे. नवा विकत घेण्याआधी कुणाला आपला सांभाळणं जमत नसेल तर तो मागून घ्या.

आणि तुमच्याकडे आत्ता, या क्षणी, तारेच्या पिंजऱ्यात एखादा असेल, तर टाकी येईपर्यंत थांबू नका. आजच पिंजऱ्याला वरून आणि तिन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळा, आत ओलं शेवाळ ठेवा, पाण्याची वाटी खोल करा. टाकी भरून झाली की दोन-तीन दिवस ती खेकड्याशिवायच चालू द्या. मापक ८० च्या आसपास स्थिर झाला की संध्याकाळी खेकड्याला पाण्याच्या वाटीजवळ सोडा आणि दिवा मालवा. सकाळपर्यंत तो वाळूत शिरून दिसेनासा झालेला असेल, कदाचित दोन महिन्यांसाठी. उकरू नका. दोन्ही वाट्यांतलं पाणी रोज बदलत राहा.

नमस्कार.