पान उलटून पाहा : परसबागेतली अळी आणि कोळी

नमस्कार श्रोतेहो. परसात, गच्चीवर किंवा बाल्कनीतल्या कुंड्यांत वांगी, मिरची, टोमॅटो, भेंडी लावणाऱ्या सगळ्यांसाठी आजचं हे बोलणं आहे. झाडाला कीड लागली की पहिला प्रश्न येतो, ‘काय फवारू?’ त्याआधी एक काम करा. झाडाचं मधल्या उंचीचं एखादं पान हातात घ्या आणि उलटं करून पाहा. बाग राखायची असेल तर आठवड्यातून दोनदा हे करायलाच हवं, कारण अळीची अंडी बहुतेक वेळा पानाच्या खालच्या बाजूला असतात आणि कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारा, घरातल्या जाळं विणणाऱ्या कोळ्याहून वेगळा असा बारीकसा जीव, तर तिथेच नांदतो.

आधी कोळ्याचं पाहू. पानाच्या वरच्या बाजूला बारीक रवा शिंपडल्यासारखे पिवळट-पांढरे ठिपके दिसतात. पुढे पान तांबूस पडतं, वाळतं आणि शेंड्याला बारीक जाळी दिसू लागते. जाळी दिसली म्हणजे उशीर झाला आहे असं समजा. ओळख पटवायची असेल तर फांदीखाली पांढरा कागद धरून पानावर दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले आणि बोटाने चिरडल्यावर तांबूस रेघ उमटली, तर तो लाल कोळी. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असतो. त्याला आठ पाय असतात, म्हणजे तो कीटक नव्हे. म्हणूनच किड्यांवरची बरीच औषधं त्याच्यावर चालत नाहीत. उलट, कोळी खाणारे बारीक काळे ढालकिडे आणि भक्षक कोळी त्या औषधाने मरतात आणि आठवड्याभरात लाल कोळी आधीपेक्षा जास्त होतो. उन्हाळ्यात अंड्यापासून अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचा प्रवास आठ-दहा दिवसांत पुरा होतो, हे लक्षात ठेवा.

त्यावर पहिला उपाय साधं पाणी. नळीच्या तोंडावर बोट दाबून पाण्याची चपटी धार करा. पानाखाली तळहाताचा आधार द्या आणि खालची बाजू धुऊन काढा. हे सकाळी करा, म्हणजे संध्याकाळपर्यंत पानं कोरडी होतात. एक दिवसाआड असं तीनदा धुतलं तर सुरुवातीचा प्रादुर्भाव पुष्कळदा एवढ्यावरच आटोक्यात येतो. कोळ्याला कोरडी हवा आणि धूळ मानवते. त्यामुळे फेब्रुवारी ते मे या काळात रस्त्याकडेच्या आणि तापलेल्या भिंतीलगतच्या कुंड्या आधी तपासा.

मिरचीवरचा कोळी वेगळा असतो. तो पिवळट-पांढरा आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारा असतो. अगदी कोवळ्या शेंड्यावर राहतो. मिरचीच्या चुरडामुरड्याला, म्हणजे ज्याला आपण बोकड्या म्हणतो त्याला, तीन कारणं असू शकतात. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळल्या असतील तर फुलकिडे. पान खाली वळून पालथ्या होडीसारखं झालं असेल आणि देठ लांबला असेल तर कोळी. झाड खुजं राहून पानं बारीक आणि पिवळट पडली, जवळ पांढरी माशी उडते आहे, तर विषाणू. विषाणूचं झाड कुठल्याही फवारणीने बरं होत नाही. ते उपटून टाका, नाहीतर शेजारची झाडंही जातील.

पाण्याने भागलं नाही तर पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक घ्या. प्रमाण लिटरला 2 ग्रॅम, दोन्ही प्रकारच्या कोळ्यांवर चालतं. ऊन उतरल्यावरच फवारा. पारा 32-33 अंशांच्या वर असताना फवारलं तर पानं करपतात. काकडी, दोडका, भोपळा अशा वेलांवर गंधक वापरू नका. आणि कडुलिंबाचं तेल फवारलं असेल तर त्यानंतर किमान पंधरा दिवस गंधकाला हात लावू नका. दोन्ही एकत्र आली की पानं जळतात आणि दोष उगाच औषधाच्या दर्जावर जातो.

आता अळ्या. तंबाखूची पानं खाणारी अळी टोमॅटो, मिरची, कोबी काहीही खाते. तिची मादी पानाखाली दोन-तीनशे अंड्यांचा पुंजका घालते आणि त्यावर तपकिरी केसांचं आवरण टाकते. अंड्यातून निघालेल्या अळ्या काही दिवस एकाच पानावर घोळक्याने राहून हिरवा भाग खरवडतात. त्यामुळे पान कागदासारखं जाळीदार होतं. ते एक पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवलं की शे-दोनशे अळ्या एका फटक्यात संपतात. तो आठवडा हुकला तर अळ्या बागभर पांगतात. दिवसा त्या मातीत दडतात आणि रात्री खातात. मग रात्री आठ-नऊच्या सुमाराला बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात.

वांग्यावरची शेंडे आणि फळं पोखरणारी अळी यापेक्षा जास्त त्रास देते. अंड्यातून निघाल्यावर ती थोड्याच वेळात शेंड्यात किंवा फळात शिरते. मग वरून कितीही फवारा, आत काही पोचत नाही. सकाळी बाकी झाड टवटवीत आणि एखादाच शेंडा मान टाकलेला दिसला, तर तो सुकलेल्या भागाच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली छाटा. चिरून पाहिलंत तर आत गुलाबीसर अळी आणि ओली विष्ठा सापडेल. हे शेंडे आणि किडकी वांगी कंपोस्टमध्ये टाकू नका, कारण अळी तिथून बाहेर पडून कोष करते. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, मग फेका. चार-सहाच झाडं असतील तर फुलं येण्याआधी बारीक नायलॉनच्या जाळीने झाकणं सर्वांत खात्रीचं. जाळीत वारा कमी लागतो, म्हणून फुलं आल्यावर सकाळी फांदीला हलके टिचक्या मारा, म्हणजे फळधारणा होते.

टोमॅटोत डोकं खुपसून अर्धं अंग बाहेर ठेवणारी ती घाटे अळी. हरभऱ्यावर येते तीच. एक अळी अनेक फळं नासवते. तिच्यासाठी आणि पानं खाणाऱ्या लहान अळ्यांसाठी बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजेन्सिस, हे जिवाणूंचं औषध लिटरला 1 ते 2 ग्रॅम घ्या. ते पोटात गेलं तरच काम करतं आणि उन्हाने निकामी होतं, म्हणून संध्याकाळी फवारा. अळी काही तासांत खाणं थांबवते, मरायला मात्र दोन-तीन दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी ती हलताना दिसली म्हणून लोक घाईने दुसरं औषध मारतात. तसं करू नका, नवं पान कुरतडलं जातंय का एवढंच पाहा.

घरच्या घरी करण्यासारखा आहे तो 5 टक्क्यांचा निंबोळी अर्क. सावलीत वाळवलेल्या, बुरशी न आलेल्या निंबोळ्या भरडून घ्या. 50 ग्रॅम भरड पाव लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी कापडातून चोळून गाळा, पाणी घालून एक लिटर करा, त्यात किसलेला साधा साबण 1 ग्रॅम विरघळवा आणि त्याच दिवशी वापरून टाका. कपड्यांची धुलाई पावडर नको, तिने पानं भाजतात. बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो, तिथे पावसाचं किंवा गोडं पाणी घ्या. तयार कडुलिंबाचं तेल वापरत असाल तर 5 मिलिलिटर तेल आधी साबणाच्या थोड्या कोमट पाण्यात दुधासारखं घुसळा, मगच लिटरभर पाणी ओता. नुसतं तेल पाण्यात टाकलं तर ते तरंगतं. पहिल्या झाडांना फक्त पाणी मिळतं आणि पंपाच्या तळाशी उरलेलं तेल शेवटच्या झाडाला जाळतं.

तंबाखूचं पाणी फवारण्याचा सल्ला अनेक घरांत मिळतो. तो ऐकू नका. निकोटिन त्वचेतूनही अंगात भिनतं, आणि तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला मोझॅकचा विषाणू लागू शकतो. तंबाखू हाताळणाऱ्यांनीही रोपांना हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत.

फवारताना पंपाचं तोंड खालून वर धरा आणि पानाखालून थेंब ओघळेपर्यंत भिजवा. अंड्यांवर बहुतेक औषधं चालत नाहीत, म्हणून पाच ते सात दिवसांनी पुन्हा, असं तीनदा करा. फवारणीआधी तोडणीजोगी फळं काढून घ्या, आणि पुढची तोडणी औषधाच्या पाकिटावर दिलेले दिवस पाळूनच करा. हंगाम संपला की जुनी झाडं उपटा, कुंडीतली माती वर्तमानपत्रावर पसरून आठवडाभर उन्हात वाळवा. त्यात करंगळीच्या पेराएवढे तपकिरी चकचकीत कोष सापडतील, ते वेचून काढा आणि मगच नवं रोप लावा.