आधी कानाने वाचू द्या

नमस्कार मंडळी! ज्यांच्या घरात पहिली-दुसरीतलं मूल आहे त्या आई-बाबांशी, आजी-आजोबांशी आणि शाळेतल्या ताई-सरांशी आज जरा वाचायला शिकवण्याबद्दल बोलायचंय.

बहुतेक घरांत सुरुवात होते ती क कमळाचा, ख खटाऱ्याचा अशी, मूल थोड्याच दिवसांत सगळी मुळाक्षरं घडाघडा म्हणून दाखवतं आणि आपण खूश होतो, पण त्यालाच पाटीवर "नळ" लिहून दिलं की ते न, ळ असं सुटं सुटं म्हणतं आणि तिथेच अडतं, कारण न हा नळातला पहिला आवाज आहे हे त्याच्या कानाला कळलेलंच नसतं. म्हणून आधी कानाचे खेळ घ्या. भाजी निवडता निवडतासुद्धा होतात की! मटारमधला पहिला आवाज कुठला, शेवटी काय ऐकू येतं, म ने सुरू होणारं घरात अजून काय काय आहे. ण आणि ळ ने तर आपला शब्द सुरूच होत नाही, ण बाणाचा आणि ळ बाळाचा, मग शब्दाच्या शेवटी कान द्यायची सवय नको का?

मग अक्षरं. ती तक्त्याच्या क्रमानेच शिकवायची असं काही नाही. ग म भ न ही जुनी पद्धत मला फार आवडते, आकार सारखे म्हणून हात पटकन बसतो आणि चारच अक्षरांत मग, मन, नभ, गमन असे खरे शब्द वाचता येतात, त्यात काना दिला की मामा, नाग, भाग, मान. एकेका अक्षराची अख्खी बाराखडी पाठ करून घेण्यापेक्षा काना, वेलांटी अशी एकच खूण सगळ्या अक्षरांना लावून बघू दे.

आता अवघड जागा. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी दिसते आणि बोलताना नंतर येते, त्यामुळे "दिवा" वाचताना मूल गोंधळलं तर रागवू नका हो, द वर बोट ठेवायला सांगा, आधी द चा आवाज, मग वेलांटी. चाक आणि चिमणी यांतला च वेगळा, जाळं आणि जेवण यांतला ज वेगळा, अक्षर मात्र एकच, हे मुलांना सरळ सांगून टाकावं. आणि र! प्राणीमध्ये तो प च्या पोटात, ट्रकमध्ये ट च्या खाली, सूर्यमध्ये य च्या डोक्यावर, शिवाय य च्या आधी ऐकू येणारा. यातलं एकेक रूप घेऊन चार-पाच दिवस त्याच्याच शब्दांशी खेळावं, सगळी एकदम नकोत.

व्याकरणाचंही तसंच. नाम म्हणजे काय याची व्याख्या पाठ करायची घाई कशाला? चार वर्षांचं पोरसुद्धा मोठा कुत्रा, मोठी गाडी, मोठं घर असं बिनचूक बोलतं, कोणी न शिकवता. तिसरीत त्याला एवढंच विचारा, मोठा-मोठी-मोठं बदललं मग लाल का नाही बदलत, लाल शर्ट, लाल गाडी, लाल फूल? मुलं स्वतः यादी करायला लागतात, गोड, छान, सुंदर असे न बदलणारे शब्द शोधून आणतात, आणि विशेषण हे नाव त्यानंतर सांगितलं की ते चिकटतं. सर्वनामासाठी एक गोष्ट "राजू आला, राजूने राजूची पिशवी ठेवली, राजू झोपला" अशी मुद्दाम वाचून दाखवा, मुलंच ओरडतात की तो म्हणा ना! क्रियापद तर करूनच दाखवायचं, चिठ्ठीवर उडी मार, टाळी वाजव लिहा, जो वाचेल तो करेल.

लहान मुलांच्या शिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसोबत काम केलं ते खडे, पानं, शिंपले, बिया अशा आसपासच्याच वस्तू घेऊन. केंद्र सरकारच्या २०२१ साली आलेल्या निपुण भारत या वाचन-गणिताच्या मोहिमेमध्येसुद्धा तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं हेच उद्दिष्ट आहे, आणि त्यासाठी महागडा किट लागत नाही, दुकानाची पाटी, बिस्किटाचा पुडा, एसटीचा बोर्ड पुरतो.

आणि एक, मूल घरी पानी, लोनी म्हणत असेल तर वर्गात त्याला हसू नका, कोणाला हसू देऊ नका. त्याने जसं बोललं तसं आधी लिहू द्या, वाचू द्या, मग शेजारी पाणी, लोणी लिहून दोन्ही मोठ्याने म्हणा आणि फरक कुठे ऐकू आला ते त्यालाच विचारा.