लाईट लागत्यात, पण वायर कुठनं गेलीय?

या, पुढं या, मागं उभं राहून काय दिसणार नाही, बाईकची टाकी उतरवून ठेवलीय ती त्यासाठीच.

पावसाळ्यात गगनबावड्याकडं जाणाऱ्यांना काय सांगायचं, करूळ घाटात धुकं उतरलं की हेडलाईटचा उजेड फिरून आपल्याच डोळ्यात येतोय, म्हणून लोक खाली लेगगार्डला दोन फॉग लाईट लावतात. बसवायला काय, दोन नट. खरी कटकट वायरची, आणि तिथंच माणूस कंटाळतोय.

माझंच सांगतो. पहिल्यांदा घरीच बसवल्या, स्विचची वायर हँडलपासनं चेसीपर्यंत ताठ ओढून झिपटायनं कचकचून आवळली, दिसायला एकदम कंपनी फिटिंग, मी खूश. थोडे दिवस चाललं, मग घाटात उजवीकडं हँडल वळलं की दोन्ही लाईट गुल, सरळ केलं की परत चालू. रिले (स्विच दाबला की बॅटरीचा करंट लाईटला जोडणारी डबी) बदलला, फ्यूज बदलला, काय फरक नाही. शेवटी वायर बोटांनी चाचपत गेलो तर कोनसेटजवळ, म्हणजे हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं तिथं, बोटभर जागा मऊ लागली. वरचं प्लास्टिक चांगलं, आतली तांब्याची तार तुटलेली! एकाच जागी वाकून वाकून तुटली, आणि ती जागा मीच आवळून तयार केलेली.

म्हणून वायर मापायच्या आधी हँडल जिकडं फिरवल्यावर ती जास्त ओढली जाते तिकडं पूर्ण फिरवायचं, मग वर चार बोटं ढील द्यायची. आणि न्यायची कोनसेटला जवळून, कारण तिथं हँडल कितीबी फिरलं तरी वायर थोडीच हलते. गाडीची मूळ वायरिंग जिथनं गेलीय तिच्याच सोबतीनं गेलं की निम्मं डोकं कंपनीनं आधीच लावलेलं असतंय. फक्त ॲक्सिलरेटरच्या केबलला बांधू नका राव, लई जण बांधतात.

टाकीखाली वायर चेसीच्या पाईपच्या बाजूनं, वरनं नाही, वरनं घातली की टाकी बसताना चेमटते. इंजिनचं हेड आणि सायलेन्सरचा बेंड पाईप यांच्यापासनं लांब, वायरीवर स्लीव्ह, म्हणजे जाड नळी. जॉईंटला काळी चिकटपट्टी नको, उन्हाळ्यात तिचा गोंद सुटून नुसती चिकचिक होते, हीटश्रिंक घाला, गरम केली की आवळून बसणारी नळी.

बाकी जोडणी सोपी आहे. रिलेच्या 30 नंबरच्या पिनला बॅटरीचा प्लस, 87 वरनं लाईट, 86 ला स्विच, 85 अर्थिंग. स्विचला सप्लाय पार्किंग लाईटच्या वायरीतनं घ्या, म्हणजे चावी काढली की लाईट बंद. 20 वॅटच्या दोन म्हणजे 40 वॅट, 12 व्होल्टला साधारण सव्वातीन अँपिअर, फ्यूज 5 चा पुरतोय. पण तो बॅटरीच्या अगदी जवळ पाहिजे, कारण बॅटरी आणि फ्यूजच्या मधली वायर कुठं घासून चेसीला टेकली तर तिला वाचवणारं कोणी नाही. लाईटची तोंडं खाली, समोरच्याला आंधळं करायचं नाही.

आता सीट लावायच्या आधी एक करायचं. गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल हळू या टोकापासनं त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि इंजिनचा आवाज ऐकायचा. रेस आपोआप वाढली तर ॲक्सिलरेटरची केबल कुठंतरी अडकलीय, टाकी परत उतरवायची. माझी दोनदा उतरलीय.