बातम्यांतली लाट

नमस्कार श्रोतेहो. आजचा आपला शब्द आहे ‘लाट’. एका दिवसाच्या बातम्या कान देऊन ऐका. उष्णतेची लाट, निवडणुकीतली लाट, साथीची दुसरी लाट, बाजारात तेजीची लाट, आणि कुठे काही अघटित घडलं की संतापाची लाट. समुद्राची लाट या सगळ्यांत शेवटी, तीही बहुधा कुणी सेल्फी काढताना वाहून गेलं तरच.

यातली मोजमाप असलेली लाट म्हणजे उष्णतेची. भारतीय हवामान खात्याचा नियम असा, की मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश हवं आणि ते तिथल्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त हवं. पुन्हा सांगते, नुसते ४० अंश पुरत नाहीत, सरासरीपेक्षा साडेचार अंश चढही हवा. ज्या गावाची सरासरीच ४१ आहे, तिथे पारा ४३ वर गेला तर अंगाची लाही होईल, पण खात्याच्या लेखी ती लाट नव्हे. अर्थात पारा ४५ वर गेला की मग सरासरी कोणी विचारत नाही. किनाऱ्यावर मात्र ४० ऐवजी ३७ अंश धरतात.

निवडणुकीच्या लाटेला असं माप नाही. डिसेंबर १९८४ मध्ये काँग्रेसने लोकसभेच्या ४०४ जागा जिंकल्या आणि सहानुभूतीची लाट सगळ्यांच्या तोंडी झाली. मतं मात्र निम्म्याहून कमीच होती. निकालाआधी जी नुसती ‘हवा’ असते, तिची निकालानंतर ‘लाट’ होते. हे काम चर्चेला बसलेली मंडळी फार हौसेने करतात.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे ती. इंडोनेशियात सुमात्राच्या पश्चिमेला सिमेउलुए नावाचं बेट आहे. १९०७ साली तिथे भूकंप झाला. मग समुद्र मागे हटला, तळ उघडा पडला आणि मासे तडफडू लागले. तिथले लोक सांगतात, की माणसं ते वेचायला खाली धावली, आणि परतलेल्या समुद्राने त्यांना गिळलं. जे वाचले त्यांनी या प्रकाराला एक शब्द ठेवला, ‘स्मोंग’. तो त्यांनी अंगाईत घातला, गाण्यांत घातला, आजीच्या गोष्टीत घातला. जमीन जोरात हलली, समुद्र मागे गेला, की डोंगराकडे पळायचं. मागे बघायचं नाही, सामान घ्यायचं नाही.

लहान मुलांना असलं भीतीदायक काही सांगू नये, असं हल्ली म्हणतात. मला ते पटत नाही. पोरांना थोडी भीती वाटलीच पाहिजे. सगळ्या गोष्टींतले वाघ शाकाहारी करून ठेवलेत आपण! असो.

मग आला २६ डिसेंबर २००४. सकाळी आठच्या सुमाराला समुद्राखाली प्रचंड भूकंप झाला, आणि त्याचं केंद्र या बेटाच्या अगदी जवळ. लाट यायला जेमतेम दहा मिनिटं. भोंगा नाही, रेडिओ नाही, फोन नाही. कुणीतरी ओरडलं, ‘स्मोंग!’ गावंच्या गावं टेकड्यांवर चढली. बेटावर पाऊण लाखाहून जास्त माणसं होती. मेलेल्यांचा आकडा सांगतात तो सात. सात हजार नव्हे श्रोतेहो, सात. पलीकडे सुमात्राच्या आचे प्रांतात त्याच लाटेने दीड लाखाहून अधिक माणसं नेली. तिथल्या बहुतेकांकडे हा शब्द नव्हता.

स्मोंग या शब्दात काय होणार हे आहे, आणि आपण काय करायचं हेही आहे. काय करायचं, हेही आहे. आपल्या बातमीतली लाट नुसती येते, उसळते आणि ओसरते. जणू ती कुणी आणलेली नसते. साथीचीच लाट घ्या. २०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट रोज ऐकत होतो, पण गर्दी वाढली, भेटीगाठी वाढल्या, विषाणू बदलला, ही कारणं त्या एका शब्दाखाली दबून जायची. आणि संतापाची लाट? पूर्ण बातमी वाचलीत तर बऱ्याचदा तिघांच्या प्रतिक्रिया निघतात.

हवामान खात्याने मात्र लाटेसोबत रंग जोडलेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. म्हणून उष्णतेच्या बातमीत मी अंशांच्या आधी रंग ऐकते. रंग निवडणुकीच्या लाटेलाही असतात म्हणा, पण त्यांत काय करायचं ते प्रत्येक पक्ष वेगळं सांगतो. नमस्कार.