रात्रीचं खाणं सकाळी ठरतं

लग्नाच्या पंगतीत चार जिलब्या जास्त झाल्या किंवा दिवाळीत चकलीचा डबा बघता बघता रिकामा झाला, तर त्याला कुणी आजार म्हणत नाही, आणि म्हणूही नये. बिंज ईटिंग डिसऑर्डर वेगळा. त्यात साधारण दोन तासांच्या आत, तशा प्रसंगी बहुतेक माणसं खातील त्यापेक्षा उघडउघड जास्त खाल्लं जातं आणि खाताना हात आवरत नाही. या दोन्ही गोष्टी असाव्या लागतात. जोडीला भराभर खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं, भूक नसताना खाणं, लाजेपायी एकट्याने खाणं आणि नंतर स्वतःची किळस किंवा अपराधी वाटणं, या पाचांपैकी किमान तीन. हे आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने चाललेलं असलं आणि त्याचा मनाला खरोखर त्रास होत असला, की निदान करतात. आठवड्याला एक ते तीन वेळा सौम्य, चार ते सात मध्यम, आठ ते तेरा तीव्र, त्यापुढे अतितीव्र.

नंतर नेमाने उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं किंवा भरपाईचे कडक उपास चालू असतील, तर निदान बुलिमिया या खाण्याच्या दुसऱ्या आजाराकडे झुकतं. ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका. उलट्या-जुलाबांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो.

अल्बर्ट स्टंकार्ड यांनी 1959 साली या प्रकारच्या खाण्याचं वर्णन केलं, पण अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र आजार म्हणून त्याला जागा मिळाली ती 2013 मध्ये. मधल्या काळात लोकांना एकच सल्ला मिळत राहिला: तोंडावर ताबा ठेवा. घराघरांत तो अजून मिळतो. वजन नेहमीइतकंच असलेल्यांना हा आजार होतो, पुरुषांनाही बऱ्यापैकी होतो. पण अंगाने जाड बाई दिसली की सल्ला तिलाच.

आता मुद्द्याचं. रात्री साडेनऊला जे घडतं त्याची तयारी सकाळपासून चाललेली असते. समजा, एक बाई बदलापूरहून लोकलने मुंबईला नोकरीला जातात. काल रात्री खूप खाल्लं म्हणून आज सकाळी नुसता चहा. दुपारी डब्यातली एक पोळी, भात बंद. पाच वाजता ऑफिसात वडापाव आला, तो नाकारला आणि बरं वाटलं. साडेआठला घरी. कुकर लावता लावता उभ्यानेच चिवडा, मग गूळ-पोळी, मग मुलाच्या डब्यातलं उरलेलं, मग पुन्हा चिवडा. घरात सगळे म्हणणार, संध्याकाळी हिचा ताबा सुटला. मी म्हणेन, दिवसभर या बाईंनी ताबाच तर ठेवला होता! भुकेल्या शरीराला हे झेपत नाही. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटात अँसेल कीज या संशोधकाने 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. पुढे पुरेसं अन्न मिळू लागल्यावर त्यांच्यातले काहीजण पोट तडस लागेपर्यंत खात आणि तरी भागल्यासारखं वाटत नसे. ही माणसं प्रयोगासाठी निवडून घेतलेली, निरोगी होती.

भूक हे एकच कारण असतं असं नाही. भांडण, एकटेपणा, कंटाळा, नैराश्य यांनीही अशा खाण्याचा झटका येतो. शिवाय 'आता मोडलंच आहे, तर संपवून टाकू, उद्यापासून कडक' हा विचार घात करतो. पथ्य जितकं काटेकोर, तितकं ते मोडणं सोपं.

म्हणून उपचाराची सुरुवात खाण्याच्या वेळा बांधण्यापासून होते: तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी, आणि दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. आठला पोहे किंवा उपमा, अकराला फळ किंवा ताक, दीडला पोळी-भाजी-वरण-भात, पाचला थालीपीठ किंवा मूठभर फुटाणे-शेंगदाणे, साडेआठला जेवण. सुरुवातीला काय खाल्लं यापेक्षा केव्हा खाल्लं हे महत्त्वाचं. भूक नसली तरी वेळेला खायचं, कारण या आजारात भुकेचा अंदाजच बिघडलेला असतो. नोकरदारांचं पाचचं खाणं हमखास बुडतं, आणि सगळ्यात जास्त कामाचं तेच. ते पर्समध्ये, बॅगेत असू द्या. आदल्या रात्री झटका आला असेल तरी सकाळचे पोहे चुकवायचे नाहीत. सगळ्यात अवघड पायरी हीच. 'पाच वेळा खाल्लं तर वजन वाढेल' ही भीती प्रत्येकाला असते. पण झटके कमी झाले की त्यांतलं खाणंही कमी होतं, त्यामुळे सहसा तसं होत नाही.

याच्याबरोबरीने नोंदवही. वेळ, जागा, काय खाल्लं, हात आवरला नाही असं वाटलं तर फुली, आणि शेवटी त्या वेळी काय चाललं होतं. '8:50, ओट्यापाशी उभ्याने, चिवडा अर्धा डबा, फुली, दीडनंतर काही खाल्लं नव्हतं, सासूबाईंचा फोन.' नोंद खाल्ल्या खाल्ल्या करायची. रात्री आठवून लिहिली की 'खूप खाल्लं' एवढंच उरतं. कॅलरी मोजू नका. वजन आठवड्यातून एकदाच; रोज काट्यावर उभं राहिलं की पाण्याच्या चढउतारावर त्या दिवसाचं जेवण ठरायला लागतं.

दोन आठवड्यांच्या नोंदींत कोणता दिवस, कोणती वेळ, कोणती खोली हे दिसू लागतं. मग त्या वेळेसाठी चार-पाच कामांची यादी करायची. कामं हात गुंतवणारी आणि स्वयंपाकघराबाहेरची हवीत. टीव्ही चालत नाही, त्याच्यासमोर खाता येतं. खाण्याची ओढ चढते आणि न खाताही ओसरते, हे स्वतः अनुभवेपर्यंत पटत नाही.

ब्रिटनमधल्या नाइस या उपचारांच्या सूचना देणाऱ्या संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत पहिला उपचार म्हणून मार्गदर्शित स्वमदतच (तज्ज्ञाच्या थोड्या मदतीने हे सगळं स्वतः करणं) सांगितली आहे: सोळा आठवड्यांत वीस-वीस मिनिटांच्या चार ते नऊ भेटी. चार आठवड्यांत फरक नाही तर गटात किंवा तज्ज्ञासोबत एकट्याने सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची उपचारपद्धती; एकट्याने असेल तर साधारण 16 ते 20 सत्रं. यात वजन फारसं उतरत नाही, हे आधीच सांगायला हवं. तिसऱ्या महिन्यात त्यावरून निराश होऊन डाएट धरलं की झटके परततात.

अमेरिकेत लिसडेक्सअँफेटामीन हे औषध 2015 मध्ये मध्यम ते तीव्र आजारासाठी मान्य झालं. ते उत्तेजक आहे. सवय लागण्याचा धोका असतो, हृदयाची तपासणी लागते. फ्लुओक्झेटिन (नैराश्यावरचं), टोपिरामेट (फिटवरचं) ही औषधंही डॉक्टर कधी कधी देतात. नुसत्या गोळीवर मात्र भिस्त ठेवू नये.

उपासांचा प्रश्न आपल्याकडे सुटत नाही. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पोट रिकामं आणि मग उपास सोडायचं भरपेट जेवण. झटक्याला याहून सोयीची वेळ नाही. उपचाराच्या काळात उपास थांबवा. घरातून हरकत आली तर डॉक्टरांकडून लिहून घ्या. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जेवण टाळण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

घरच्यांसाठी दोन गोष्टी. डब्यांना कुलूप लावू नका, त्याने लपवाछपवी वाढते. आणि ताटाकडे बघून 'अजून एक पोळी?' म्हणू नका; पाच वाजता सोबत बसून चहा-थालीपीठ खा.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना नोंदवही, चालू औषधांची यादी (स्टेरॉइड आणि मानसिक आजारांवरच्या ओलान्झापिनने भूक वाढते) आणि उलटी-जुलाबांची खरी माहिती न्या. कुठे जावं कळत नसेल तर 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल, तर पहिल्या वाक्यातच तसं सांगा.