हाताचा दाब आणि रक्ताचा प्रवाह

श्रोतेहो, नमस्कार.

मालिश झाली की त्वचा लालसर होते, अंगाला ऊब जाणवते आणि रक्ताभिसरण सुधारले, असे आपण सहज म्हणून जातो. हे म्हणणे खोटे नाही. मात्र ते शरीराच्या कोणत्या थराविषयी खरे आहे, हे पाहिले पाहिजे.

त्वचेपुरते ते निःसंशय खरे आहे. दाब आणि घर्षण यांमुळे त्वचेतील पेशींमधून हिस्टामिनसारखी द्रव्ये बाहेर पडतात, चेतातंतूंच्या प्रतिक्षिप्त क्रियेने आसपासच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात आणि तेथे काही काळ अधिक रक्त येते. खाली खोलवर असलेल्या स्नायूचा कारभार मात्र निराळा आहे. आपल्याला किती रक्त हवे, हे बव्हंशी स्नायूच ठरवतो. तो आकुंचन पावू लागला की त्याच्या चयापचयातून निर्माण होणारी द्रव्ये लहान धमन्यांच्या भिंती सैल करतात. केशवाहिन्यांच्या या नियमनाचा उलगडा केल्याबद्दल ऑगस्ट क्रोग यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. मालिशीच्या वेळी स्नायू स्वस्थ पडलेला असतो, त्यामुळे त्याची मागणी वाढण्याचे कारणच नसते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉप्लर तंत्राने, म्हणजे ध्वनिलहरींच्या साहाय्याने, हाता-पायांच्या मोठ्या धमन्यांतील प्रवाह मोजला गेला, तेव्हा मालिशीने तो वाढल्याचे दिसले नाही; हलक्या व्यायामाने मात्र वाढला. कॅनडातील क्वीन्स विद्यापीठाच्या संशोधकांना तर २०१० साली असे आढळले, की जोरकस श्रमानंतर लगेच केलेल्या मालिशीने स्नायूंतील प्रवाहात उलट अडथळा येतो, कारण प्रत्येक दाबाबरोबर वाहिन्याही क्षणभर चेपल्या जातात. थकलेल्या स्नायूंतील लॅक्टिक आम्ल मालिशीने धुऊन निघते, ही व्यायामशाळांमधली लाडकी समजूत त्यामुळे डळमळीत होते.

हाताचा खरा प्रभाव पडतो तो कमी दाबाच्या वाहिन्यांवर. शिरांमधील दाब धमन्यांच्या मानाने फारच थोडा असतो आणि त्यांतील झडपा रक्ताला हृदयाच्या दिशेनेच जाऊ देतात. म्हणून पावलाकडून मांडीकडे फिरणारा हात शिरा काही अंशी रिकाम्या करतो, अर्थात हे काम चालताना पोटरीचे स्नायू अधिक चांगले करतात. पेशींभोवतीचा जादा द्रव वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्यांना तर अगदी हलका, त्वचा जेमतेम ताणणारा स्पर्श पुरतो. एमिल व्होडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड यांनी १९३० च्या दशकात विकसित केलेली लसिकानिचरा पद्धत याच तत्त्वावर उभी आहे, आणि स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर हाताला येणाऱ्या सुजेवर ती आजही दाबपट्ट्यांच्या जोडीने वापरली जाते.

मालिशीने मन निवते, नाडी संथ होते आणि रक्तदाबही थोडा उतरू शकतो; परंतु हा परिणाम अल्पकाळ टिकणारा असल्याने त्याच्या भरवशावर कोणीही रक्तदाबाची गोळी बंद करू नये.

काही प्रसंगी तर हात दूर ठेवणेच श्रेयस्कर असते. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला आणि गरम लागू लागला, तर खोल शिरेत गुठळी असण्याची शक्यता धरून आधी डॉक्टरांना दाखवावे. चोळल्याने ती गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी जोराचा दाब टाळावा आणि उपचार करणाऱ्याला त्या औषधांची कल्पना आधीच द्यावी. मानेला झटका देऊन ती मोकळी करण्याच्या प्रकारात क्वचित मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचे आतील अस्तर फाटल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे तो प्रकार हौशी हातांवर कधीही सोपवू नये.